बिस्किटाचा पुडा आणि मोटारगाडी

(द्वितीय वर्ष, कला)

रामकुंडावर बाहेरगावचा माणूस आला, की त्याला आधी गाव आणि आडनाव विचारतात, हे नाशिककरांना नव्याने सांगायला नको. तेवढ्या दोन शब्दांवरून तीर्थोपाध्याय आपली लांबट वही काढतात आणि त्याच्या घराण्यातले कोण, कधी, कोणत्या कार्यासाठी गंगेवर येऊन गेले, ते वाचून दाखवतात. आजीच्या अस्थी घेऊन आम्ही गेलो होतो, तेव्हा माझ्या वडिलांना त्यांच्या पणजोबांचे नाव प्रथम तिथे कळले. आमच्या घरात त्यापूर्वी ते कोणालाही ठाऊक नव्हते.

आता दुसरी गोष्ट. याच शहरात सातपूर आणि अंबड येथे मोठ्या औद्योगिक वसाहती आहेत. महिंद्रची बोलेरो आणि स्कॉर्पिओ या आपल्याच गावात जुळलेल्या गाड्या. बॉशच्या, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘मायको’च असलेल्या कारखान्यात डिझेल इंजिनाचे भाग होतात. या मोठ्या कारखान्यांच्या आसऱ्याने शेकडो लहान कारखाने चालतात. कोणी पत्रा दाबतो, कोणी नट पाडतो. माझे वडील बावीस वर्षे अशाच एका लहान कारखान्यात प्रेसवर काम करतात. मोटारीच्या पोटातल्या पट्ट्या आणि कड्या त्यांच्या हाताखालून लाखांनी गेल्या असतील. पण त्यांनी स्वतः घेतलेल्या एका जुन्या मोटारीने कारखान्यातून निघताना अंगावर काय काय घेतले होते, हे शोधायला आम्हाला अडीच महिने लागले. माणसाचा पणजोबा अर्ध्या तासात सापडतो. आणि दहा-बारा वर्षांच्या गाडीचा जन्म सापडत नाही! या विसंगतीविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत.

हकिगत थोडक्यात अशी. गेल्या वर्षी मार्च महिन्यात वडिलांनी कामगारांच्या पतपेढीतून कर्ज काढून एक लहान पेट्रोल गाडी घेतली. गाडी २०१४ सालची, आम्ही तिसरे मालक. गाडीच्या कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण फसवणूक कंपनीने केलेली नव्हती. ती एका दलालाने केली. त्याचेही नाव लिहीत नाही. त्याने किंमत सांगितली दोन लाख ऐंशी हजार. वडील म्हणाले, अशीच गाडी कारखान्यातल्या एकाने अडीच लाखाला घेतली. त्यावर दलाल म्हणाला, “ती साधी असेल. ही ऑप्शनल आहे. पुढे दोन्ही बाजूंना एअरबॅग आहेत.” आणि त्याने मागच्या दारावर चिकटवलेल्या अक्षरांकडे बोट दाखवले. अक्षरांच्या शेवटी कंसात इंग्रजी ‘ओ’ होता. सुकाणूच्या मधोमध ‘एअरबॅग’ असा शब्दही होता. वडिलांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी वाचले आणि मान डोलावली.

ती मान डोलावल्याचे मला आजही वाईट वाटते. ‘ऑप्शनल’ हा शब्द आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना ऐच्छिक विषयापुरताच ठाऊक! इतिहासाच्या तासाला आम्ही साधनांची चिकित्सा शिकतो. कोणता कागद अव्वल, कोणता मागाहून बनवलेला, हे कसे ओळखावे यावर परीक्षेत दहा गुणांचे उत्तर लिहितो. आणि बाजारात मात्र दारावर चिकटवलेले एक अक्षर मी अस्सल साधन मानले.

शंका आली ती विम्याच्या वेळी. विमा प्रतिनिधीने जुन्या पॉलिसीवरून नवी तयार केली, तेव्हा तिच्यात मॉडेलच्या नावापुढे तो ‘ओ’ नव्हता. मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “ताई, टायपिंगमध्ये राहिला असेल.” कदाचित राहिलाही असता. पण विम्यात गाडीचे जे मूल्य धरतात, ते त्या नेमक्या मॉडेलच्या किमतीतून घसारा वजा करून धरतात. म्हणजे ‘ओ’ राहिला तर आमचेच नुकसान. म्हणून खरे काय ते पाहू म्हटले, आणि इथून माझी पायपीट सुरू झाली.

मोटारीला जन्मतः एक नंबर मिळतो. लोक त्याला चासीस नंबर म्हणतात. हल्ली तो सतरा आकडे आणि अक्षरांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी घोटाळतात. पहिली तीन स्थाने बनवणाऱ्याची: एमए१ म्हणजे महिंद्र, एमए३ म्हणजे मारुती सुझुकी, एमएटी म्हणजे टाटा. मधल्या सहा स्थानांत गाडीचा प्रकार, इंजिन वगैरे गोष्टी प्रत्येक कंपनी आपापल्या संकेताने लिहिते. शेवटची आठ स्थाने त्या एका गाडीची ओळख सांगतात. त्यांतले पहिले, म्हणजे एकूणातले दहावे, बहुधा वर्षाचे असते. २०१० ला ए, मग बी, सी असे चालत येऊन २०१४ ला ई. आमच्या गाडीचे दहावे अक्षर ई निघाले. निदान गाडीचे वय तरी खरे होते! जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने एवढे वाचायला शिकावेच. त्याला पाच मिनिटे लागतात आणि इंग्रजीची मुळाक्षरे पुरतात. वडिलांना मी ते एका संध्याकाळी शिकवले. नावावर करण्याच्या अर्जासाठी गाडीखाली उताणे पडून, नंबरावर कागद धरून त्यांनी पेन्सिलीने छाप काढली होती, पण ती अक्षरे काही बोलतात हे त्यांना तोवर कोणी सांगितलेच नव्हते.

परंतु हा नंबर सगळे सांगत नाही. कंपनीने आपल्या मर्जीच्या संकेतात लिहिलेली मधली सहा अक्षरे आपल्याला फुटत नाहीत. सरकारी ‘एमपरिवहन’वर गाडीचा क्रमांक घातला तर नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची मुदत, मॉडेलचे नाव इतके कळते, मालकाचे नाव अर्धे झाकलेले असते, आणि ते योग्यच आहे. पण एअरबॅग आहे की नाही, ब्रेकला एबीएस आहे की नाही, हे तिथे नसते. पेठ रोडच्या आरटीओत पहिल्या नोंदणीच्या वेळी तीन कागद जातात: फॉर्म २० हा अर्ज, फॉर्म २१ हा विक्रीचा दाखला आणि फॉर्म २२ हा कारखान्याने दिलेला, गाडी नियमाप्रमाणे आहे असा दाखला. या कागदांत चासीस नंबर आहे, इंजिन नंबर आहे. ग्राहकाने कोणत्या जादा वस्तूंचे पैसे मोजले, त्याची यादी नाही.

शेवटी कंपनीच्या एका वर्कशॉपमध्ये गेले. काउंटरवरचा मुलगा भला होता. त्याने नंबर घातला, पडद्यावर पाहिले आणि म्हणाला, “साधे मॉडेल आहे. ऑप्शनल नाही.” मी म्हटले, हे कागदावर लिहून द्या. तो म्हणाला, तशी आमच्याकडे पद्धत नाही. म्हणजे माहिती आहे, तीही एका बोटाच्या अंतरावर आहे; पण ती ज्याची गाडी आहे त्याच्या हातात देण्याची पद्धत नाही.

आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीकाकांनी मग सोपा उपाय सांगितला. एअरबॅग असलेल्या गाडीत किल्ली फिरवली, की समोर एअरबॅगचा दिवा काही क्षण लागतो आणि विझतो. आमच्या गाडीत तो लागतच नव्हता. “दिवा गेला असेल,” वडील म्हणाले. मिस्त्रीकाकांनी काही न बोलता सुकाणूच्या मधले झाकण उचकटले. आत हॉर्नच्या दोन वायरी होत्या. बाकी पोकळ. ‘एअरबॅग’ हा शब्द छापलेले झाकण सुट्या भागांत विकत मिळते, हे आम्हाला त्या दिवशी कळले. वडिलांनी ते झाकण हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, “चांगल्या डायवर काढलंय.” बावीस वर्षे प्रेसवर काढलेल्या माणसाला त्या क्षणीही आधी डाय दिसली!

पण मला दुसरेच दिसत होते. त्या पाच-सहा महिन्यांत आई पुढच्या आसनावर बसून दोनदा सप्तशृंगगडावर आणि एकदा घाटातून मुंबईला जाऊन आली होती. वडील तिला म्हणत, “आता काय भीती, पुढे पिशवी आहे.” आणि या भरवशावर गाडी थोडी जास्तच पळवत. तीस हजार रुपये गेले, ते फिटतील. परंतु नसलेल्या वस्तूच्या भरवशावर माणूस कसा वागतो, त्याचा हिशेब कोणत्या पतपेढीत करायचा?

दलालाकडे गेलो. तो म्हणाला, जुन्या मालाची गॅरंटी नसते. ग्राहक आयोगाकडे जाण्याचा विचार केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, हे मी वाचून काढले. पण हातात पुरावा कोणता? पावतीवर ‘एक जुनी मोटार, आहे तशी’ एवढेच. ‘ऑप्शनल’ हा शब्द तो तोंडाने बोलला होता. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याला नोंदणी अधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. मालकीची नोंद, हस्तांतर, वही ठेवणे यांची व्यवस्था त्या नियमांत केली आहे आणि ती चांगली आहे. मात्र, ‘ही गाडी कारखान्यातून या या वस्तूंसह निघाली’ असा कागद गिऱ्हाइकाला द्या, असे त्यात नाही. तो कागद असता, तर दलालाला ती अक्षरे चिकटवण्याचे धैर्यच झाले नसते.

असा कागद जगात कुठे नाहीच, असे मात्र नाही. अमेरिकेत १९५८ साली ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्रोनी यांच्या पुढाकाराने कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर एक पत्रक चिकटवावे लागते. गाडीचे मॉडेल, तिचा ओळख क्रमांक, ती कुठे जुळली ते ठिकाण, मूळ किंमत, कारखान्यात बसवलेल्या प्रत्येक ऐच्छिक वस्तूची वेगळी किंमत आणि वाहतुकीचा खर्च, सगळे त्यावर. गाडी ग्राहकाच्या हाती जाण्यापूर्वी ते जाणूनबुजून काढणाऱ्याला दंड आणि कैदही होऊ शकते. तिकडे त्या चिठ्ठीला आजही त्या सिनेटरच्याच नावाने ओळखतात. विक्रेत्यांनी मनाला येईल तो भाव सांगायचा, हा त्या काळचा तिथलाही रिवाज होता. तो मोडायला एक कागद पुरला. आता तिकडेही ग्राहक गाडी घरी नेली की चिठ्ठी खरवडून टाकतो, आणि वीस वर्षांनी ती गाडी घेणारा तिच्या शोधात फिरतो. काही जुन्या अमेरिकन गाड्यांत कारखान्यातल्या कामगारांसाठीचा, कोणते भाग बसवायचे ते सांगणारा कागद आसनाच्या स्प्रिंगांत अडकून राहिलेला असतो. जुन्या गाड्यांचे शौकीन त्यासाठी आसने उसवतात. म्हणजे अमेरिकेलाही अर्धेच जमले. पण आपल्याला तेवढेही नाही.

याउलट आपल्या कॅन्टीनमधला पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा घ्या. वजन किती, कोणी बनवला, कोणत्या महिन्यात बनवला, जास्तीत जास्त किंमत किती, तक्रार कुठे करायची, हे सगळे त्यावर छापलेले असते. आवेष्टित वस्तूंचे नियम १९७७ साली आले, त्यांच्या जागी २०११ चे नवे आले. गिऱ्हाइकाला माहिती मिळालीच पाहिजे, हा विचार आपल्या महाराष्ट्राला परका नाही; बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत उभी केली ती याच विचाराने. १९८६ आणि २०१९ या दोन्ही ग्राहक संरक्षण कायद्यांत वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क म्हटला आहे. मग बिस्किटाला जो न्याय, तो मोटारीला का नाही? पुडा पाच मिनिटांत संपतो. गाडी पंधरा वर्षे चालते, तीन-चार घरे फिरते, आणि प्रत्येक घरात कोणाची तरी आई पुढच्या आसनावर बसते.

कोणी म्हणेल, आता हा प्रश्न उरला कुठे? १ जुलै २०१९ पासून चालकासमोरची एअरबॅग प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीची झाली, नंतर शेजारच्या आसनाचीही झाली. खरे आहे. पण आमच्यासारखी माणसे नवी गाडी घेत नाहीत. आम्ही घेतो ती त्यापूर्वीची, ज्या काळात जीव वाचवण्याची वस्तू ‘ऑप्शनल’ होती. आणि आजच्या नव्या गाड्यांतही ऐच्छिक गोष्टी आहेतच. दहा वर्षांनी त्या आमच्या दारात येतील तेव्हा पुन्हा हाच घोळ होणार. १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ नावाची टक्कर-चाचणी सुरू झाली आहे. चाचणी झालेल्या मॉडेलसाठी गाडीवर लावायची चिठ्ठीही आहे. म्हणजे चिठ्ठीची कल्पना सरकारला पटलेली आहे. तिच्यावर आणखी दहा ओळी छापायच्या, एवढाच प्रश्न.

दुसरा आक्षेप माझ्या वडिलांचाच. ते म्हणतात, “गाडी माणूस बघून घ्यायची असती, कागद बघून नाही.” माणसाची पारख त्यांना माझ्यापेक्षा जास्त आहे, याबद्दल वाद नाही. पण झाकणाच्या आतली पोकळी माणसाच्या चेहऱ्यावर दिसत नाही. इंजिनाचा आवाज कानाला कळतो, पत्र्यावरचा नवा रंग बोटाला कळतो. एअरबॅग ही अशी वस्तू आहे, की ती आहे की नाही हे खरे कळायला एक अपघात व्हावा लागतो. अशा वस्तूसाठी कागदच हवा.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. प्रत्येक मोटारीबरोबर कारखान्याची एक यादी निघावी: मॉडेल, वर्ष, मूळ किंमत, बसवलेल्या वस्तू. ती मराठीतही असावी. काचेवरची फाटेल, म्हणून तिची नोंद चासीस नंबरावर कायम राहावी आणि ज्याच्या नावावर आरसी आहे त्याला ती केव्हाही, लेखी मिळावी. यात पहिल्या मालकाचे नाव द्यायची गरज नाही, त्यामुळे कोणाचे खासगी काही उघडे पडत नाही. वर्कशॉपच्या पडद्यावर जे आजही दिसते, ते छापून द्यायला यंत्राला कितीसा वेळ लागेल?

आता आमचा शोध कसा संपला ते सांगते, कारण त्यात सगळा दोष दुसऱ्यांचाच नव्हता. मिस्त्रीकाकांनी झाकण परत बसवताना गाडीकडे जरा निरखून पाहिले आणि म्हणाले, “हिच्या दाराला मी एकदा काम केलंय. कॉलेज रोडच्या एका साहेबांची होती, बँकेतून रिटायर झालेल्या.” झाले! सरकारी नोंदीने झाकलेले नाव एका मिस्त्रीच्या स्मरणातून निघाले. गंगेवरच्या वहीसारखेच.

आम्ही त्या घरी गेलो. गृहस्थ सत्तरीपुढचे. त्यांनी आम्हाला बसवले, चहा दिला आणि कपाटातून एक निळी फाईल आणली. तिच्यात शोरूमचे पहिले बिल, फॉर्म २१, फॉर्म २२, गालिचे आणि आसनांच्या खोळींची पावती, सर्व्हिसचे पुस्तक आणि २०१४ सालचे रंगीत माहितीपत्रक होते. माहितीपत्रकात सगळ्या मॉडेलांचा तक्ता होता. कोणत्यात काय आहे, काय नाही. साध्या मॉडेलच्या रकान्यावर पेन्सिलीची खूण होती, आणि शेजारच्या ‘ओ’च्या रकान्यावर आधी केलेली खूण खोडलेली होती. “मुलगा म्हणत होता घ्या, पण मी पैसे वाचवले,” ते म्हणाले. मग फाईल वडिलांच्या हातात देत म्हणाले, “ही तुम्हीच न्या. गाडी विकली तेव्हा घेणाऱ्याला देत होतो. तो म्हणाला, आरसी पुरे, रद्दी कशाला?”

ती फाईल आता आमच्याकडे आहे. दारावरची अक्षरे वडिलांनी रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढली. ‘ओ’च्या जागी गोल डाग राहिला आहे. तीस हजार मिळण्याची आशा आम्ही सोडली आहे. आई आता मागे बसते आणि वडील सावकाश चालवतात. गेल्या महिन्यात त्यांनी मला एक पुठ्ठा आणून दिला आणि गाडीत काय आहे, काय नाही, ते मराठीत स्वच्छ अक्षरात लिहायला सांगितले. मी माहितीपत्रकावरून चौदा ओळी लिहिल्या. पुठ्ठा त्या निळ्या फाईलीत पहिल्याच पानावर लावला आहे, पुढे जो कोणी गाडी घेईल त्याच्यासाठी. ‘एअरबॅग: नाही’ ही ओळ वडिलांनी मला लाल शाईने पुन्हा गिरवायला लावली.